भोईवाड्यातून रिखधारला

परळच्या फुटपाथवर स्वेटरवाले येऊन बसले की माझं डोकं दुखायला लागतं. थंडीने नव्हे. भोईवाड्यात थंडी म्हणजे पहाटे पंखा एकवर आणायचा, एवढीच. डोकं दुखतं ते फोनमुळे. डिसेंबर लागला की कुठकुठून अनोळखी माणसांचे फोन सुरू होतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. "मॅडम, रिखधारला बर्फ आहे का?"

मी अकराव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरत उभी असते. खिडकीतून शेजारच्या टॉवरचं बांधकाम दिसतं, क्रेन दिसते, त्यापलीकडे कोर्टाचं छप्पर दिसतं. आणि या माणसाला माझ्याकडून हिमालयातल्या एका उतारावरचा बर्फ हवा असतो. मी सांगते, अहो, मी आता ते बघत नाही, बुकिंग सगळं तिकडेच होतं, मोबाइलवर शोधा. त्यावर उत्तर येतं, "पण बोर्डावर तुमचाच नंबर आहे." आहे, खरं आहे. रिखधारच्या रस्त्यावर, शेवटच्या वळणावर एक पत्र्याचा बोर्ड आहे. तो माझ्या धाकट्या भावाने, विजूने, रंगवून घेतला. पुढे आमच्या घरचा जुना फोन गेला तेव्हा त्याने तो नंबर खोडून त्यावर माझा मोबाइल लिहिला, मला न विचारता. माझी मुलगी दर वर्षी म्हणते, आई, नंबर बदल. मी म्हणते, बँकेत हाच, गॅसवाल्याकडे हाच, पेन्शनला हाच. एका डोंगरापायी मी हे सगळं बदलत बसू?

रिखधार आज नकाशात सापडतं. तिथे तारेवरून जाणारे पाळणे आहेत, काचेच्या भिंतींची हॉटेलं आहेत, मोमोच्या गाड्या आहेत आणि पार्किंगवरून रोजची भांडणं आहेत. हिवाळा आला की कुठल्यातरी पुरवणीत त्याचा इतिहास छापून येतो. त्यात असतं की कुणी एक गोरा प्रवासी वाट चुकला आणि त्याला हा उतार सापडला. वाचून माझ्या कपाळावरची शीर उडते. तो उतार कुणाला सापडायची गरज नव्हती. खालच्या सौंली गावातल्या म्हशी तिथे रोज चरायला जायच्या. आणि तिथे लोक घसरायला जाऊ लागले ते आमच्या भोईवाड्यातल्या चाळीतून. दुसरा मजला, गॅलरीच्या टोकाची खोली. हे कुणी छापत नाही.

संपानंतर आमच्या अण्णांची गिरणी पुन्हा धड सुरू झालीच नाही. अण्णा विणाई खात्यात फिटर होते. सकाळी उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. घरात पगार आणणारी मी एकटी, विमा कंपनीत. चाळीतली सगळी मुलं मिळेल ती नोकरी पकडत होती, आणि नेमका त्याच वर्षी आमचा विजू कॉलेजच्या कॅम्पला हिमालयात गेला आणि नाकाचं सालपट काढून परत आला. आल्या दिवसापासून त्याच्या तोंडी एकच विषय. पायाला फळ्या बांधायच्या आणि बर्फावरून घसरायचं. दिवाळीआधी गॅलरी धुवायला काढली होती. याने त्या साबणाच्या पाण्यात दोन फळ्या टाकल्या, त्यावर उभा राहिला आणि नळापासून आमच्या दारापर्यंत घसरत आला. अख्खा मजला बघायला बाहेर.

आई दारात उभी होती. ती मालवणची, रागावली की मालवणीच बोलायची. म्हणाली, "हाडां मोडून घेशीत. मगे माझ्याकडे येव नको."

तो आईकडे आला नाही. तो सौंलीला गेला, बलबीर नावाच्या त्याच्या वयाच्या मुलाकडे. कॅम्पमध्ये ओळख झालेली. दोघांनी कुठून कुठून मोडीत काढलेल्या स्कीज जमवल्या, बलबीरच्या घराच्या माडीवर चार खाटा टाकल्या, आणि मुंबईच्या एका पेपरात चौकटीची जाहिरात दिली. सौंलीत तेव्हा फोन नव्हता. जाहिरातीत नंबर आमचा.

संध्याकाळी मी ऑफिसातून दमून यायची तर आई रिसीव्हर कानाला लावून बसलेली. वाळकेश्वरची कुणी शेठाणी पलीकडे असायची आणि आई तिला हिंदीत सांगायची, "बर्फ है, भोत है. स्वेटर लेके जाव. और उदर मच्छी नहीं मिलता, अभी बोलती." मी रिसीव्हर काढून घ्यायची, पुढची सगळी बोलणी करायची. माझी संध्याकाळ त्यात जायची. माटुंग्याच्या कॉलेजची मुलं, दादरचे नवविवाहित, सगळ्यांना गाडी कुठून, बस कुठली, पायमोजे किती, हे मी सांगायचं. मी स्वतः महाबळेश्वरच्या वर कुठे गेले नव्हते.

आणि ते हातमोजे. मार्चमध्ये बर्फ वितळला की विजू तिकडचे हातमोजे, पँटी, टोप्या पोत्यांत भरून रेल्वेने मुंबईला पाठवायचा, कारण चेन बसवणारा माणूस लालबागला चांगला मिळतो. बाहेर घामाच्या धारा, आणि आमच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत लोकरीच्या टोप्या वाळत घातलेल्या. शेजारच्या राणे वहिनी बोंबील तळायच्या. त्याचा वास त्या लोकरीत बसायचा तो बसायचाच. पुढच्या डिसेंबरात वाळकेश्वरची माणसं तो वास हातात घालून हिमालय बघायची. मला त्याचं एक प्रकारचं समाधान वाटायचं, हे कबूल आहे.

लोक घसरत खाली यायचे ते चुटकीसरशी, पण पुन्हा वर चढायला त्यांना घटका लागायची आणि जीव जायचा. म्हणून विजूने एक जुनं ट्रॅक्टरचं इंजिन मिळवलं. त्यावर फिरता दोर लावायचा, तो वरच्या टोकाला चाकावरून वळून परत खाली येणार. धरून उभं राहायचं, दोर आपल्याला वर ओढत नेतो. कल्पना छान होती. दोर मात्र दर तासाला निसटायचा. विजूने अण्णांना बोलावून घेतलं.

अण्णांच्या छातीत गिरणीचा कापूस बसलेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, उंचावर जायचं नाही. अण्णांनी ते ऐकलं, मान हलवली, आणि मी ऑफिसात असताना निघून गेले. जाताना गल्लीतल्या भंगारवाल्याकडून लोखंडी पुल्या घेऊन गेले. त्यांच्याच गिरणीचं सामान तेव्हा तिथे येऊन पडत होतं. मी घरी आले तर गॅलरीतली खुर्ची रिकामी.

"आई, तू जाऊ कसं दिलंस?"

"माका इचारून गेले काय?" आई म्हणाली. "मंकी कॅप मात्र मी दिलंय."

तो हिवाळा मला अजून सोडत नाही. त्या वर्षी विजूला पहिल्यांदा मोठी गिऱ्हाइकं मिळाली होती. माडी भरली होती, गावातल्या आणखी दोन घरांत खाटा टाकल्या होत्या. आणि बर्फ पडला नाही. डिसेंबर गेला, संक्रांत आली. तिळगूळ वाटता वाटता मी लोकांचे फोन घेत होते. सौंलीहून तालुक्याला जाऊन विजू तिथून फोन करायचा. त्याचा आवाज बारीक झाला होता. एकदा म्हणाला, "ताई, अण्णा रात्रीचे खोकतात. मी जा म्हटलं तरी जात नाहीत. तू ये."

मी रजा टाकली. तिकीट, बस, दुसरी बस, शेवटी मिठाच्या पोत्यांवर बसून जीप. सबंध वाट मी मनात भांडत होते. विजूशी, अण्णांशी, त्या डोंगराशी. पोचले तर समोर आमच्या घाटावर उन्हाळ्यात दिसतो तसला पिवळा, कोरडा उतार. त्यावर रंगीत कपडे घातलेली माणसं उगाच उभी होती. माझा आवाज ऐकल्याबरोबर एक गृहस्थ पुढे आले. गिरगावचे सबनीस, बायको, मेहुणी, तीन मुलं असे सगळे घेऊन आलेले.

"आवाज ओळखला मी," ते म्हणाले. "भोईवाड्यातून तुम्हीच बोलायच्यात. बर्फ कुठाय?"

"पडेल असं म्हटलं होतं."

"पडेल म्हणजे कधी? आम्ही म्हातारे झाल्यावर?"

मी त्यांना हात जोडले आणि अण्णांना शोधायला गेले. ते उताराच्या पायथ्याशी इंजिनापाशी बसले होते, मंकी कॅप घालून, कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले. मला बघून म्हणाले, "आलीस? तो पाना दे."

"अण्णा, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"म्हणाले, दम लागेल. लागतो."

"मग?"

"मग बसतो."

पाना मी हातात धरूनच उभी. दोर आता निसटत नव्हता. गिरणीच्या पुल्यांवर तो नीट बसला होता. फक्त त्याला धरायला कुणी नव्हतं. अण्णा रोज इंजिन सुरू करायचे, थोडा वेळ रिकामा दोर फिरू द्यायचे आणि बंद करायचे.

त्या उताराच्या वर सौंलीची शेतं आहेत. हिवाळा संपत आला की गावातल्या बायका शेणखताच्या टोपल्या पाठीवर बांधून तेवढा चढ चढतात. दिवसभर, वाकून, पुन्हा पुन्हा. बलबीरची बायको त्यात होती, कडेवरच्या मुलीला सासूकडे ठेवून आलेली. अण्णा इंजिनापाशी बसून हे रोज बघत होते. मी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते विजूला म्हणाले, "ह्यांच्या टोपल्या दोराला लावू."

विजू आधीच वैतागलेला. "अण्णा, स्कीवाल्यांसाठी आहे हे. शेण वाहायला नाही आणलं. पाहुण्यांना वास येईल."

"बरं. मग स्कीवाले आण."

"बर्फ नाही त्याला मी काय करू?"

"मी कुठं काय म्हणतो? मशीन उभं आहे, बायका वाकून चालल्यात. एवढंच म्हणतो."

"दोर झिजला तर? पाहुणे उठून गेले तर? सगळं बुडेल माझं." विजूचा आवाज चढला आणि लगेच फुटला. तो पायातल्या बुटांकडे बघत राहिला. तेवढा एकच धंदा त्याला येत होता, आणि तो डोळ्यांदेखत पिवळा पडून समोर पसरला होता.

अण्णा उठले. त्यांना दम लागला, ते परत बसले. मग मला म्हणाले, "नंदा, तू सांग त्याला."

मी त्यांना घरी न्यायला आले होते. मला कुणाची बाजू घ्यायची नव्हती. मी म्हटलं, "करा काय करायचं ते, पण एकदाचं करा. मला परवा निघायचंय." यातून विजूने काय अर्थ काढला कोण जाणे. तो गेला आणि मोडक्या स्कीज घेऊन आला. बलबीरने त्या फळ्यांखाली ठोकून घसरगाडी केली, ती दोराला बांधली. बलबीरच्या बायकोने पाठीवरची टोपली उतरवून त्यावर ठेवली, आणि स्वतः रिकाम्या पाठीने बाजूला उभी राहिली. अण्णांनी इंजिन सुरू केलं.

लहानपणी मी अण्णांचा डबा घेऊन गिरणीच्या दारापर्यंत जायची. आतून कापड विणणाऱ्या साच्यांचा खडखडाट यायचा, पायाखालची जमीन थरथरायची. त्या डोंगरात, त्या थंडीत, तसला आवाज ऐकून मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. अण्णा ओरडून मला म्हणाले, "वर जा. वर माणूस लागेल."

"मी?"

"मग काय आईला बोलावू?"

मी वर गेले. दिवसभर वरच्या टोकाला उभी राहून टोपल्या उतरवून घेत होते. साडीचा काठ शेणाने भरला, हातांना भेगा पडल्या. दुपारी सबनीस काका चढून आले. मला वाटलं, आता हे भांडणार. त्यांनी स्वेटरच्या बाह्या वर सारल्या आणि म्हणाले, "द्या इकडे. बसून बसून पाठ धरली." त्यांची मेहुणी आली, मुलं आली. खाली अण्णा एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हाताने खुणा करत होते, थांब, सोड, ओढ. गिरणी बंद झाल्यापासून मी त्यांना असं बघितलं नव्हतं. वरून ते अगदी लहान दिसत होते, पण हाताच्या खुणा मला स्पष्ट कळत होत्या.

मी परत एकटीच आले. ते म्हणाले, खत संपलं की येतो.

"खंय आसत तुझे अण्णा?" आईने दारातच विचारलं.

"शेण वाहतायत."

आईने माझ्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाली, "जेवतत मा वेळेवर?"

ते शिमग्याला आले, काळवंडून. त्यानंतरही दोन-तीन हिवाळे ते हट्टाने गेले. आमचं सगळ्यांचं डोकं आपटून झालं. शेवटी चाळीतच गेले, स्वतःच्या खाटेवर, आणि आदल्या दिवशीसुद्धा विजूला दोराला तेल द्यायचं बजावत होते.

रिखधार वाढलं ते त्या बिनबर्फाच्या वर्षानंतर. गावाने बैठक घेतली आणि विजू-बलबीरला वरचा मोठा उतार वापरायला दिला. त्याआधी म्हशींच्या चाऱ्यावरून नाही म्हणत होते. मग रस्ता आला, फोन आला, मोठ्या शहरातली कंपनी आली. कंपनीने खांब रोवले, पाळणे टांगले आणि अण्णांचं इंजिन काढून टाकलं. तिथे आता फोटो काढायला लाल हृदयाच्या आकाराची चौकट उभी केलीय. बर्फ कमी पडतो म्हणून फवारून बर्फ करणारी यंत्रं आणलीत, ती गावाच्या झऱ्याचं पाणी ओढतात, म्हणून गावात भांडणं. विजूकडे उरली ती शिकवणीची शाळा. बलबीर वारला. त्याची मुलगी कमला, तीच कडेवरची, ती आता शाळा चालवते आणि विजूपेक्षा बरी चालवते. विजूने लग्न केलं नाही, घर केलं नाही. आमची चाळ पाडून हा टॉवर झाला तेव्हा सहीसाठी त्याला बोलावलं तर म्हणाला, सीझन आहे ताई, मार्चमध्ये येतो. बिल्डर माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

इथेही बर्फ आलाच. गिरणीच्या जागेवर मॉल झाला, त्यात एक खोली आहे, भाड्याचं जाकीट घालून आत जायचं आणि बर्फ बघायचा. नातीने हट्ट केला म्हणून मी एकदा गेले. फ्रीज उघडल्यासारखा वास. अण्णांचं विणाई खातं नेमकं कुठे असेल, याचा अंदाज करत मी उभी राहिले, तर तिथल्या पोरीने मला हसतमुखाने पुढे सरकायला सांगितलं.

यंदाच्या नोव्हेंबरात विजू खाली आला तो काठी टेकत. इतकी वर्षं घसरून गुडघा संपलाय. परळला हॉस्पिटलांना तोटा नाही, ऑपरेशन झालं, आणि आता तो माझ्या हॉलमध्ये सोफ्यावर पाय लांब करून बसलाय. जन्मात पहिल्यांदा सीझनला इथे. मी त्याची बहीण आहे म्हणून सांगते, असा पेशंट वैऱ्यालाही मिळू नये. व्यायाम करून घ्यायला येणारी स्नेहल म्हणून मुलगी आहे, गोड आहे बिचारी. ती म्हणते, काका, गुडघा वाकवा, थोडा तरी. हा म्हणतो, उद्या. ती दाबायला लागली की हा ओरडतो. पाय फळीसारखा सरळ. डॉक्टर म्हणाले, आत्ता नाही वाकवला तर कायमचा असाच राहील. मी समजावलं, रागावले, दोन दिवस अबोला धरला. त्याने अबोलाही आरामात उपभोगला.

"वाकवून कुठे जायचंय मला?" एकदा म्हणाला. "बर्फ नाही, शाळा बंद करावी लागेल असं कमला म्हणते. बसतो इथेच. गॅलरी आहे का तुझ्या या टॉवरला?"

मी भाजी टाकायला आत निघून गेले. माझ्यासमोर तो खुर्चीतला इस्त्रीचा शर्ट उभा राहिला होता.

खरंच, डिसेंबर कोरडा गेला, जानेवारी कोरडा गेला. पाहुण्यांनी बुकिंगं रद्द केली, हॉटेलं ओस पडली. फेब्रुवारीत एका दुपारी कमलाचा व्हिडिओ कॉल आला. विजूने चेहरा आंबट करून फोन समोर धरला.

"काका, गिर गया," कमला म्हणाली. "सब चले गए, तब गिरा. कमर तक."

मागे सगळं पांढरं होतं. मला वाटलं, आता हिची रडारड. पण ती हसत होती. गिऱ्हाईक एक नाही, सगळ्या स्कीज पडून, म्हणून तिने गावातल्या मुलींना त्यांची शाळा सुटल्यावर बोलावून त्यांच्या पायाला त्या बांधल्या होत्या. कंपनीचे पाळणे बंद, सबंध उतार मोकळा. मुली एकमेकींवर आदळत होत्या. कडेला त्यांच्या आया उभ्या होत्या, आणि एक दोघी आयांच्याही पायात फळ्या होत्या.

"हे काय शिकवतेस तू त्यांना?" विजू फोनवर खेकसला. "ती लाल टोपीवाली बघ. पाठ ताठ, पाय ताठ. अशी पडणारच. ए लडकी, सुनो. घुटने मोड़ो. डरो मत, मोड़ो. आगे झुको."

लाल टोपीवाली पडली, उठली, फोनकडे बघून लाजली आणि पुन्हा उभी राहिली.

"मोड़ो, मोड़ो. और थोड़ा. ऐसे देखो, ऐसे."

तो सोफ्यावर पुढे सरकून बसला होता. दोन्ही पाय जमिनीवर होते, अंग पुढे झुकलं होतं, आणि त्याचा तो गुडघा वाकला होता. स्नेहलने इतके दिवस हातापाया पडून मागितला त्याहून जास्त. ती लाल टोपीवाली सरळ खाली गेली, लांबवर, कुणावर न आदळता, आणि विजूच्या कपाळावर घाम आला होता.

मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्याने तो लगेच पुन्हा सरळ केला असता.